एग फ्रीझिंग करायचंय? कुठला आकडा विचारायचा ते आधी ठरवा

गोठवण्यासाठी माझी स्त्रीबीजं काढली होती. भूल उतरत होती तेव्हा सिस्टर कानाशी वाकून म्हणाल्या, "तेरा निघाली हं." मी तशाच गुंगीत ताईला सांगितलं, ताईनं लगेच आईला फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे तेरा हा शुभ आकडा होऊन बसला. दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला: गोठवली नऊ. उरलेली चार कच्ची होती.

कोणी खोटं बोललं नव्हतं. तेराही खरे, नऊही खरे. पण त्यातला कुठला आकडा धरायचा, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी चौतीस वर्षांची होते, आजार कुठलाही नव्हता, मूल हवं की नको हेही पक्कं नव्हतं. एवढंच कळत होतं की आत्ता नको आणि कायमचं 'नाही'ही नको. बीजं काढण्याच्या दोन फेऱ्या झाल्या. त्यात जे कळलं ते इथे क्रमानं लिहिते. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलाच घ्यायचा.

१. आधी हे समजून घ्या: गोठतं काय आणि थांबत नाही काय

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत साधारण दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि त्यातली जेमतेम चारशे-पाचशे आयुष्यभरात पाळीच्या चक्रातून बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. दर महिन्याला बीजांचा एक गट वाढायला लागतो, त्यातलं एक पुढे जातं, इतर मागे पडून नष्ट होतात. इंजेक्शनं देऊन याच मागे पडणाऱ्यांना वाढवतात. त्यामुळे "आत्ता पंधरा काढली तर पुढची पंधरा संपतील" ही भीती सोडून द्या. माझ्या आईला हीच भीती होती. ती जायला सोनोग्राफीच्या पडद्यावरचे काळे गोल दाखवावे लागले.

स्त्रीबीज ही शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, आणि पाण्यानं भरलेली. सावकाश गोठवलं की आत बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. म्हणून गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिलं मूल १९८६ साली ऑस्ट्रेलियात जन्मलं, तरी पुढची वीसेक वर्षं ही गोष्ट प्रयोगातच राहिली. नंतर व्हिट्रिफिकेशन आलं. पेशीतलं पाणी काढून संरक्षक द्रव भरायचं आणि क्षणात इतकं थंड करायचं, की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. पेशी काचेसारखी घट्ट होते. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. २०१४ मध्ये फेसबुक आणि ॲपल यांनी कर्मचाऱ्यांना हा खर्च देऊ केला आणि विषय घराघरात पोचला.

वय गोठतं ते फक्त स्त्रीबीजाचं. बाकी शरीर पुढे जातच राहतं. चौतिसाव्या वर्षीचं स्त्रीबीज पंचेचाळिसाव्या वर्षी वापरलं, तर बीज चौतिशीचं असेल, पण गरोदरपणातला रक्तदाब आणि साखर पंचेचाळिशीचीच. जाहिरातीत 'विमा' असा शब्द दिसला की मला राग येतो. विम्यात पैसे परत मिळायचा करार असतो. इथे तसा करार कुणीच करत नाही.

२. वयाचं गणित कागदावर मांडा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. नेमकी ही पायरीच घाईत उरकली जाते.

२०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक गणिती मॉडेल मांडलं. निदान एक मूल होण्याची शक्यता ७५ टक्के हवी असेल, तर ३४ व्या वर्षी १० परिपक्व स्त्रीबीजं लागतील, ३७ व्या वर्षी २० आणि ४२ व्या वर्षी ६१. हे आकडे दोनदा वाचा. चौतीस आणि सदतीस यांत तीनच वर्षांचं अंतर आहे, पण गरज दुप्पट झाली. त्यात वय वाढलं की एका फेरीत मिळणारी बीजंही कमी होतात. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

पुढची गळतीही धरा. दहा परिपक्व बीजं आहेत असं समजू. वितळवल्यावर चांगल्या लॅबमध्ये त्यातली आठ-नऊ टिकतात. फलन साधारण सहांचं होतं. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वाढणारे गर्भ दोन-तीनच. त्यातले काही गुणसूत्रांच्या दोषामुळे रुजत नाहीत. चाळिशीतल्या बीजांपासून झालेल्या गर्भांत तर निम्म्याहून जास्त सदोष निघतात. एका फेरीत दहा बीजं आली म्हणजे दहा मुलांची सोय झाली, असं माझ्या एका मैत्रिणीला खरंच वाटत होतं. तिला हसू नका. मलाही आधी जवळपास तसंच वाटत होतं.

उलटी बाजूही सांगते. ज्यांनी स्त्रीबीजं गोठवली, त्यातल्या बहुतेक जणी ती वापरायला परत येत नाहीत. कुणाला नैसर्गिकरीत्या मूल होतं, कुणाचा विचार बदलतो. पंचविशीत असाल आणि नुसत्या धास्तीनं निघाला असाल, तर आधी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाशी निवांत बोला.

३. पहिली तपासणी

दोन गोष्टी बघतात. एक, रक्तातली एएमएचची, म्हणजे बीजकोशांत तयार होणाऱ्या एका हार्मोनची, पातळी. दोन, योनीमार्गे सोनोग्राफी करून दोन्ही बीजकोशांतल्या लहान फॉलिकलची, म्हणजे बीज धरणाऱ्या पाण्याच्या पिशव्यांची, मोजणी. या दोन्हींवरून इंजेक्शनांना किती बीजं दाद देतील याचा अंदाज येतो. ती किती चांगली असतील, हे यातून कळत नाही. ते वयच सांगतं.

एएमएच कमी आलं म्हणून रडत घरी येऊ नका. एएमएच कमी असलेल्या बायकांनाही नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. ती चाचणी त्यासाठी नाहीच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा कमी दिसू शकतो, तेव्हा गोळ्यांबद्दल आधी सांगा. उलट पीसीओएस (बीजकोशांत खूप लहान फॉलिकल साठणं आणि हार्मोन बिघडणं) असेल तर आकडा भरघोस येतो आणि माणूस खूश होतो. पण अशाच बायकांत पुढे इंजेक्शनांचा अतिरेकी परिणाम होण्याचा धोका जास्त असतो.

शारीरिक संबंध आले नसतील तर पहिल्याच भेटीत तसं स्पष्ट सांगा. सोनोग्राफी पोटावरून करता येते आणि बीजं काढताना भूल असतेच. लाजून गप्प बसलात, तर टेबलावर झोपल्यावर नको तो प्रसंग ओढवतो.

यांखेरीज थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस या चाचण्या होतात. संसर्गाच्या चाचण्या कशाला, असं वाटेल. गोठवलेली बीजं ठेवायच्या टाकीत एकाच द्रवात अनेकांचे नमुने असतात म्हणून.

४. सेंटर निवडताना हे प्रश्न विचारा

वेटिंग रूममध्ये बाळांचे फोटो किती आहेत, यावर जाऊ नका. ते फोटो बहुतेक ताज्या, न गोठवलेल्या बीजांच्या चक्रांचे किंवा गोठवलेल्या गर्भांचे असतात. गोठवलेल्या स्त्रीबीजांची गोष्ट वेगळी आहे.

मी दुसऱ्या फेरीआधी वहीत लिहून नेलेले प्रश्न असे:
– तुमच्या लॅबनं आजवर किती जणींची गोठवलेली स्त्रीबीजं प्रत्यक्ष वितळवली? त्यातली किती टिकली? त्यातून किती मुलं जन्मली?
– माझ्या वयाच्या आणि माझ्याएवढं एएमएच असलेल्या बाईला एका फेरीत साधारण किती परिपक्व बीजं मिळतात?
– ट्रिगर, म्हणजे बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, कुठला देणार?
– माझी बीजं एकाच टाकीत ठेवणार की दोन टाक्यांत विभागून?
– टाकीचा अलार्म रात्री वाजला तर कुणाच्या फोनवर वाजतो?

शेवटच्या प्रश्नावर एका ठिकाणी समोरच्या बाई हसल्या. दुसऱ्या ठिकाणी उठून मला टाक्या दाखवायला घेऊन गेले. मी शेवटी कुठे गेले, ते तुम्ही ओळखलं असेलच.

"आमचा सक्सेस रेट सत्तर टक्के" असं कुणी म्हणालं, तर कशाचे सत्तर टक्के, हे विचारा. वितळल्यावर टिकण्याचे? फलनाचे? गर्भधारणेच्या चाचणीचे? की घरी आलेल्या मुलांचे? एकच टक्केवारी यांतली कुठलीही असू शकते.

पॅकेजचा सापळा: सांगितलेल्या रकमेत इंजेक्शनं बहुधा धरलेली नसतात आणि खर्चाचा मोठा भाग तोच असतो. भूलतज्ज्ञाची फी, गोठवण्याचा खर्च, दरवर्षीचं साठवणीचं भाडं आणि पुढे कधी वापरायची झाली तर वितळवणं, इक्सी, गर्भाशयात गर्भ सोडणं या सगळ्याचे वेगळे आकडे लेखी घ्या. इक्सी म्हणजे एकेका बीजात सुईनं एकेक शुक्राणू सोडणं. गोठवलेल्या बीजांना ते लागतंच, कारण गोठवण्याआधी त्यांच्याभोवतीच्या पेशी काढून टाकलेल्या असतात. तेव्हा त्याला 'जादा सुविधा' म्हणून वेगळं विकू देऊ नका.

५. कागद आणि वस्तू

एका फाइलमध्ये ठेवा: फोटो ओळखपत्र आणि वयाचा पुरावा, मागच्या सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे कागद, चालू औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद, सही केलेल्या प्रत्येक संमतिपत्राची प्रत. घरी लागतं ते थोडकंच: औषधं थंड ठेवायला जागा आणि बर्फाची पिशवी, सुया टाकायला जाड झाकणाचा डबा, स्पिरिट-कापूस, मोबाइलचा अलार्म.

संमतिपत्र घरी आणून वाचा. तिथल्या तिथे सही करू नका. त्यात एक कलम असतं: तुमचा मृत्यू झाला, किंवा भाडं थकलं, तर बीजांचं काय करायचं? नष्ट, संशोधनाला की दान? मी चौतीस वर्षांची, धडधाकट बाई, आणि त्या चौकटीत खूण करताना पेन थांबलं. घरी दोन दिवस विचार करून खूण केली.

कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये १ जुलै २०२२ पासून दर दहा वर्षांनी संमती नव्यानं देऊन ५५ वर्षांपर्यंत साठवता येतं. फ्रान्सनं २०२१ मध्ये वैद्यकीय कारणाशिवाय गोठवायला मुभा दिली, पण वयाची चौकट घालून. भारतात २०२१ च्या कायद्यानं असे उपचार घ्यायला स्त्रीचं वय ५० च्या आत असावं लागतं. चीनमध्ये अविवाहित स्त्रियांना परवानगी मिळत नाही. दुसऱ्या देशात जायचा बेत असेल तर बीजं कुठे ठेवताय याचा विचार आत्ताच करा. गोठवलेला नमुना सीमेपार नेणं म्हणजे बॅग उचलून विमानात बसणं नव्हे.

६. इंजेक्शनांचे दिवस

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होऊन सुरुवात होते. गरज पडली तर चक्रात अधेमधेही सुरू करता येतं. पुढे साधारण नऊ ते बारा दिवस रोज, शक्यतो ठरल्या वेळी, पोटाच्या चरबीत इंजेक्शन. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्त. पाचव्या-सहाव्या दिवसापासून आणखी एक औषध येतं, ज्यामुळे बीजं वेळेआधी सुटत नाहीत. गर्भ लगेच सोडायचा नसल्यानं या कामाला इंजेक्शनाऐवजी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही काही डॉक्टर देतात. विचारून बघा; सुया वाचतात.

पहिली सुई मीच मला टोचली. बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून, बेंबीपासून दोन बोटं बाजूला चिमूट धरून. टोचण्यापेक्षा टोचायच्या आधीची पाच मिनिटं वाईट. इंजेक्शनच्या पेनचं बटण पूर्ण दाबलं आणि झटक्यात सुई बाहेर काढली, तर टोकावर औषधाचा टपोरा थेंब. तो बघून मी गार. एवढं महागाचं औषध, वाया गेलं की काय! रात्री साडेनऊला हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बटण दाबून मनात दहापर्यंत मोजायचं, मग काढायचं." एवढंच. पण हे प्रात्यक्षिकात सांगायला हवं होतं. पावडर आणि पाणी मिसळायची बाटली असेल तर ती हलवू नका, तळहातात हळूच फिरवा. फेस झाला तर डोस नीट ओढता येत नाही.

आठव्या दिवसापासून पोट फुगतं. कमरेत घट्ट कपडे नकोत. बीजकोश मोठे झालेले असतात, ते स्वतःभोवती पिळले जाऊ शकतात, म्हणून धावणं, उड्या, अंगाला पीळ देणारी आसनं बंद. चालायला हरकत नाही. या काळात आणि नंतर पाळी येईपर्यंत शरीरसंबंध टाळा: एखादं बीज मागे राहिलं तर दिवस राहू शकतात, जुळीतिळीसुद्धा.

७. ट्रिगर: इथे मिनिटं मोजायची

मोठी फॉलिकल सतरा-अठरा मिलिमीटरच्या पुढे गेली की शेवटचं इंजेक्शन, ट्रिगर, देतात. त्यानं बीजं पिकतात. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी ती काढायची. लवकर काढली तर कच्ची, उशीर झाला तर आपोआप सुटून हातची जातात. मला वेळ दिली होती रात्री सव्वाअकराची. तीन अलार्म लावले, ताईलाही तिच्या घरी एक लावायला सांगितला, आणि अकरापासूनच पेन हातात धरून बसले. वेळ चुकली तर लपवू नका. लगेच कळवा, म्हणजे ऑपरेशनची वेळ पुढे सरकवता येते.

ट्रिगर कुठला, हे चौथ्या पायरीत विचारायला सांगितलं ते यासाठी. एचसीजी या हार्मोनच्या इंजेक्शनाऐवजी ॲगोनिस्ट नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या औषधाचा ट्रिगर दिला, तर ओएचएसएसचा, म्हणजे बीजकोशांच्या अतिउत्तेजनाचा, धोका खूपच कमी होतो. गोठवण्याच्या चक्रात तो बहुतेक जणींना चालतो. तुम्हाला का नाही, याचं कारण डॉक्टरांकडे असलं पाहिजे.

८. बीजं काढायचा दिवस

आदल्या रात्रीपासून उपाशी. नेलपॉलिश, दागिने, लेन्स काढून ठेवा. भूल असते, योनीमार्गे सोनोग्राफीच्या आधारानं सुई घालून एकेका फॉलिकलमधलं पाणी ओढतात. वीसेक मिनिटांचं काम. टाके नसतात. सोबत माणूस हवंच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि कुठल्या कागदावर सहीही करायची नाही.

आणि तिथे कुणी आकडा सांगितला, तर एकच विचारा: "परिपक्व किती?" उत्तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येतं. काढलेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश परिपक्व निघतात. तेरातली नऊ म्हणजे काही फार वाईट नव्हतं. मला वाईट वाटलं, कारण मी तेरांशी आधीच नातं जोडून बसले होते. दुसऱ्या फेरीत सिस्टरनी अकरा म्हटल्यावर मी कुणालाच कळवलं नाही. सात गोठली. मग फोन केले.

९. पुढचे दहा दिवस

पहिले दोन दिवस पाळीसारखं दुखतं, थोडा रक्तस्राव होतो. पाणी पीत राहा, रोज सकाळी वजन करा. हे दिसलं तर रात्र आहे, रविवार आहे, असलं काही मनात न आणता फोन करा: दिवसात एक किलोहून जास्त वजन वाढणं, पोट ताणून टणक होणं, श्वास लागणं, लघवी कमी होणं, उलट्या थांबत नाहीत, ताप, एका बाजूला अचानक असह्य कळ, पॅड भिजवणारा रक्तस्राव.

एका-दोन आठवड्यांत पाळी येते. त्या आधीचे काही दिवस हार्मोन खाली येतात आणि विनाकारण रडू येतं. सुट्टी घेताना एकच दिवस मागू नका. तीन मागा.

१०. साठवण आणि दरवर्षीची आठवण

लॅबकडून लेखी अहवाल घ्या: तारीख, परिपक्व आणि गोठवलेल्यांची संख्या, किती नळ्या, एका नळीत किती बीजं, कुठल्या टाकीत, नळीवर कुठली ओळखखूण. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला बीजं राहतात. तिथे वर्षं सरल्यानं ती खराब होत नाहीत. धोका वेगळाच असतो: मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या दोन वेगवेगळ्या केंद्रांत, एकाच आठवड्याच्या शेवटी, टाक्या बिघडल्या आणि हजारो बीजं-गर्भ धोक्यात आले. टाक्या विभागायचा प्रश्न मी वहीत लिहिला तो हे वाचल्यावर.

माझी नऊ एका टाकीत आहेत, सात दुसऱ्या. भाड्याची तारीख मी वाढदिवसाच्या आठवड्यात टाकून ठेवलीय. पहिल्या वर्षी नूतनीकरणाचं पत्र जुन्या ऑफिसच्या ईमेलवर गेलं होतं, आणि मी तिथून तीन महिन्यांपूर्वीच बाहेर पडले होते. सहज चौकशीला फोन केला म्हणून कळलं. तेव्हा नोकरीचा ईमेल देऊ नका, स्वतःचा द्या, दुसरा नंबर भरवशाच्या माणसाचा द्या. माझ्या फॉर्मवर तो ताईचा आहे.